सोमवारचा बीपी

सोमवारी सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. डोक्याला लावायचा बाम, नाहीतर ॲसिडिटीची गोळी. दुसरं ओआरएस मागतं. आणि तिसरं काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून हळू आवाजात म्हणतं, "वैनी, जरा बीपी बघा गे, डोक्यात कसातरीच वाटता."

आमचं मेडिकल सिंधुदुर्गात, हायवेपासून थोडं आत. दुकान नवऱ्याचं, पण फार्मासिस्ट मी, त्यामुळे काउंटरला मीच. माहेर डोंबिवली, म्हणून मालवणी समजते शंभर टक्के आणि बोलते साठ टक्के, उरलेल्या चाळीस टक्क्यांवर लोक हसतात. दुकानात दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन ठेवलंय, फुकट बघून देते. कुणाला आपला मागचा आकडा लक्षात राहत नाही म्हणून दोनशे पानी वही केली. नाव, तारीख, वरचा, खालचा, नाडी, बस एवढंच. पाच वर्षांत तीन वह्या भरल्या.

तर परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, लाईट गेलेली, म्हणून वही चाळत बसले. आमचे एक रिक्षावाले आहेत, पन्नाशीचे, त्यांचे आकडे ओळीने वाचले. १६८/१०४. मग १३८/८६. मग १६४/१००. मग १४०/८८. असं दहा-बारा वेळा वरखाली, वरखाली. मला पहिल्यांदा वाटलं मशीनच गंडलंय. पण मी रोज सकाळी स्वतःचं बघते ते बरोबर, ११६-१२०च्या आतबाहेर, कधी इकडेतिकडे गेलं नाही. मग तारखांच्या पुढे वार लिहिले मोबाईलवर कॅलेंडर बघून. मोठे आकडे सगळे सोमवारचे, लहान सगळे बुधवार-गुरुवारचे.

मग काय, भूतच शिरलं अंगात. अजून जे दहा-पंधरा जण "रोज खंय घेतंय मी, आयतवार तेवढो" या गटातले आहेत त्यांची पानं काढली. सगळ्यांचं इतकं स्वच्छ नव्हतं, एकदोघांचं तर उलटंच होतं, पण बऱ्याच जणांचा सोमवार चढा. आता ही काही रिसर्च नाही, मी शास्त्रज्ञ नाही आणि सोमवारी माझ्याकडे येतो तोच मुळात ज्याचं डोकं दुखतंय तो, हे मलाही कळतं. पण डोक्यातून जाईना.

रात्री नेटवर शोधायला बसले आणि मिळालं की! माझ्या आधी कुणीतरी हे चक्क उत्तर आयर्लंडमध्ये बघून ठेवलंय. बेलफास्ट आणि फ्रान्समधली तीन शहरं, लील, स्ट्रासबर्ग आणि तुलूझ, इथले पन्नास ते एकोणसाठ वयाचे पुरुष घेऊन एक मोठा अभ्यास झाला होता, प्राईम नावाचा, त्यातला दारू आणि बीपीचा भाग २००१ मध्ये छापून आला. फ्रेंच माणूस रोज जेवताना वाईन घेतो, आठवडाभर सारखी, शनिवार-रविवारी किंचित जास्त. बेलफास्टवाला आठवडाभर कामाला जुंपलेला आणि शुक्रवार-शनिवारी पबमध्ये सगळी कसर भरून काढतो. आणि बीपी? फ्रेंचांचा सातही दिवस साधारण सारखा. बेलफास्टवाल्यांचा सोमवारी सगळ्यात वर आणि मग गुरुवारपर्यंत उतरत उतरत खाली. मी वाचताना मोठ्याने हसले, नवरा झोपेतून म्हणाला काय झालं, म्हटलं आपले रिक्षावाले बेलफास्टला सापडले.

म्हंजे मुद्दा फक्त किती पितो हा नाही. गाव कसं पितं, कुठल्या दिवशी पितं, कशाबरोबर पितं, ते सगळं त्या पट्ट्यात दिसतं.

आणि आमचं गाव कसं पितं ते सांगते. गोवा इथून हाकेच्या अंतरावर. तिथली स्वस्त बाटली इकडे येते, पेपरात दर आठवड्याला बातमी, "गोवा बनावटीची दारू जप्त", इन्सुलीच्या नाक्यावर टेम्पो पकडला, नारळाखाली बॉक्स होते, भुशाखाली बॉक्स होते. पकडलेल्याची बातमी येते, न पकडलेली गावात येते. केंद्राच्या २०१९-२१च्या आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत गोव्यात जवळजवळ ३७ टक्के पिणारे आणि महाराष्ट्रात १४च्या आसपास. आम्ही कागदावर महाराष्ट्रात, पण बाटलीच्या बाबतीत कुठे ते विचारू नका. मार्च ते मे काजूचा सीझन, तेव्हा हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. पहिल्या धारेची, साधारण १५ टक्क्यांची, त्यात लिंबू सोडा, मीठ, उभी चिरलेली मिरची, आणि "ही काय दारू न्हय, ह्या सरबत" असं म्हणून ग्लासावर ग्लास. फेणी त्याच्या पुढची, ती ४० टक्क्यांच्या वर. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, पहिला थेंब जमिनीवर सोडायचा, मग आपण. देवचारालासुद्धा दारू आणि विडी लागते इकडे, माणसाचं काय घेऊन बसलात.

पण रोज पिणारे तसे मोजकेच. बाकी गावाचा रविवार ठरलेला. सकाळी मासे नाहीतर कोंबडी, दुपारी वडे-सागोती, त्याच्या आधी "थोडीशी", संध्याकाळी मळ्यात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत "बैठक". शनिवारी रात्री त्याची रंगीत तालीम. मे महिन्यात आणि शिमग्याला चाकरमानी आले की आठवड्यातले सातही दिवस रविवार.

"मी फक्त क्वार्टर घेतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा कागदावर हिशोबच मांडला. १८० मिली, बाटलीवर लिहिलेलं असतं ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. डॉक्टर लोक एक ड्रिंक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात दहा-बारा ग्रॅम असतात. म्हणजे "फक्त" क्वार्टर ही पाच-सहा ड्रिंक झाली. आणि ती मोठी स्ट्राँग बीअर, ६५० मिली, ८ टक्केवाली, तिच्यात ४० ग्रॅम. हे मी एका गिऱ्हाईकाला समजावून सांगितलं तर तो खूश होऊन म्हणाला, "म्हणजे क्वार्टरात सहा ड्रिंका? परवाडता मगे!"

आता दुसरी गंमत. एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचा पक्का समज, "घेतली काय बीपी खाली येता." मी म्हणायचे असं कसं होईल मास्तर, तर एकदा संध्याकाळी सातला दोन पेग मारून आले आणि बसले स्टुलावर, घ्या मोजा. आदल्या दिवशी १५२ होता. मशीनने दाखवलं १३६. मास्तरांनी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांकडे असं बघितलं जसं काही गणितात शंभरपैकी शंभर. आणि मी गप्प, कारण आकडा समोर होता.

तर मास्तर खोटं बोलत नव्हते. अर्धं खरं होतं त्यांचं. २०२० मध्ये ३२ प्रयोग एकत्र करून बघितलं होतं, ज्यांत लोकांना खरंच दारू देऊन दर काही तासांनी बीपी घेतलेला. जास्त दारू पोटात गेली की पहिले बारा तास बीपी थोडा उतरतो, रक्तवाहिन्या सैल होतात, तोंड लाल होतं, गरम वाटतं, ते हेच. पण नाडी मात्र वाढलेली राहते, मास्तरांची त्या संध्याकाळी ९८ होती, तिकडे त्यांनी बघितलंच नाही. आणि तेरा तासांच्या पुढे गाडी उलटी फिरते, बीपी आधी होता त्याच्याही वर जातो. रविवारी रात्री नऊला शेवटचा ग्लास, सोमवारी सकाळी दहाला माझं स्टूल, मोजा बोटांवर. मास्तरांना म्हटलं उद्या सकाळी या. आले नाहीत. तीन दिवसांनी आले, कफ सिरप न्यायला.

पण खरं सांगायचं तर त्या प्रयोगांतली चढउतार लहान आहे, साडेतीन-चार पॉइंटची. माझ्या वहीत पंचवीस-तीसचा फरक. मग बाकीचा कुठून येतो?

त्याचं उत्तर काउंटरच्या अलीकडेच होतं, मला उशिरा दिसलं. गोळ्यांच्या पत्त्यांत. एक पत्ता दहाचा, रोज एक, म्हणजे दहा दिवसांनी माणूस परत यायला पाहिजे. ही मंडळी येतात पंधरा-सोळा दिवसांनी. एकदा विचारलं एकाला सरळ, तर म्हणाला, "आज कार्यक्रम आसा मगे गोळी कशी घेवची? रिॲक्शन येयत ना!" शनिवारी कार्यक्रम म्हणून गोळी नाही, रविवारी कार्यक्रम म्हणून नाही, सोमवारी सकाळी जीव ठिकाणावर नाही म्हणून नाही. तीन गेल्या. अम्लोडिपिन तशी अंगात रेंगाळणारी गोळी, एखाद दिवस चुकली तर सांभाळून घेते, पण तीन दिवस सलग चुकवल्यावर तिने तरी काय करावं. दारू प्यायची आहे म्हणून बीपीची गोळी चुकवणं, हे आमच्याकडे जबाबदारपणाचं लक्षण समजतात! गोळी घेऊन वर दारू घेतली तर उठताना चक्कर येऊ शकते हे खरंय, पण त्यावर उपाय दारू कमी करणं हा असतो, गोळी सोडणं नाही, आणि शंका असेल तर डॉक्टरला मोकळेपणाने विचारायचं की साहेब मी रविवारी घेतो, काय करू. पण डॉक्टरसमोर सगळेच निर्व्यसनी. केसपेपरवर "दारू: नाही", आणि तोच केसपेपर माझ्या काउंटरवर येतो तेव्हा त्याला वास येत असतो.

आणि गंमत म्हणजे बीपीच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा मागास नाही. २०१८च्या सुमारास सरकारने देशात बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते त्यात सातारा, भंडारा, वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्ग होता. उपकेंद्रावर बीपी बघतात, महिन्याच्या गोळ्या फुकट देतात, कार्ड करतात. माझा धंदा थोडा बसला त्याने, पण चांगली गोष्ट आहे, म्हाताऱ्या बायांचे आकडे खरंच सुधारलेले मी बघितलेत. गोळी पोचली घरात. घरातून तोंडात जाते का, ते मात्र वारावर आहे.

तिसरी गोष्ट चकणा. खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेले पापड, पावसाळ्यात ताजे मासे नाहीत तर भाजलेला खारा बांगडा, सुकट, सोड्यांची म्हणजे सुक्या कोलंबीची चटणी. त्या मिठाचं कुणी नावच घेत नाही. लोक सांगतात जेवणात वरून मीठ घेत नाही वैनी. अरे पण तो बांगडा मिठातच झोपलेला होता ना दोन महिने.

आणि झोप. दारूने झोप लागते असं वाटतं, पण पहाटे तीनला टक्क जाग, घोरणं वाढलेलं, सकाळी चेहरा सुजलेला. हे सगळं मिळून तो सोमवार होतो. नुसत्या दारूवर तीस पॉइंट टाकून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. पण या सगळ्याची मुळी त्या बैठकीतच, हेही तितकंच.

हे काही नवीन ज्ञान नाही बरं का. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, कामिल लियाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सैनिकांचे बीपी मोजले आणि सांगितलं की जे दिवसाला वाईन जास्त पितात, त्यांच्यात बीपीवाले जास्त. शंभराहून अधिक वर्षं झाली. त्यानंतर लोकांनी इतकंही बघून ठेवलंय की जे रोज सहा ड्रिंकच्या वर पितात त्यांनी निम्मी केली तर वरचा आकडा सरासरी साडेपाचने आणि खालचा चारने उतरतो. क्वार्टरची नाइंटी, म्हणजे ९० मिली, केली एवढ्यावर! पूर्ण सोडा असं कुणी म्हटलं की आमचे लोक कान बंद करतात, पण नाइंटीवर या म्हटलं की निदान विचार करतात, म्हणून मी तेच सांगते. अजिबात न पिणं सगळ्यात चांगलं हे मलाही ठाऊक आहे, पण काउंटरवरून तेवढंच खपतं जेवढं गिऱ्हाईक उचलतं.

आमच्याकडे हा प्रयोग दरवर्षी आपोआप होतो, श्रावणात. गटारीला जे काही व्हायचं ते होतं, त्या दिवसांतलं वहीतलं पान बघवत नाही, आणि मग पाळणारे महिनाभर, काही जण थेट गणपती जाईपर्यंत, दारूला शिवत नाहीत. एक सुतारकाम करणारे आहेत, गेल्या वर्षी गटारीनंतर १५८/९८, श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात १४०/८८, गोळी तीच, डोस तोच. खारा बांगडाही बंद होता म्हणा, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं, देवाला, दारूला की बांगड्याला, ते ठरत नाही. पण आकडा उतरला आणि त्यांना स्वतःलाच बरं वाटलं, तोंडावरची सूज गेली.

एक गोष्ट मात्र आवर्जून लिहिते कारण मी घाबरले होते. रोज भरपूर घेणारा माणूस श्रावण लागला म्हणून एका दिवसात बंद करतो ते धोक्याचं असतं. दोन वर्षांपूर्वी एकाला त्याची बायको घेऊन आली, श्रावणाचा तिसरा दिवस, हात असे थरथरत होते की पट्टा बांधता येईना, घामाने शर्ट भिजलेला, १८२/११२. ती म्हणत होती दारू सोडल्यान तरी बीपी कसो वाढलो? अशा वेळी आकडी येऊ शकते, भ्रम होतो, जीवावर बेततं. रिक्षा बोलावून हॉस्पिटलला पाठवलं, आठ दिवस ठेवलं, वाचला. तेव्हा रोजच्या पिणाऱ्याने सोडायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू किंवा औषधं घेऊन. घरच्या घरी शूरपणा नको.

आता वहीतलं ते पान जे मला सगळ्यात जास्त खुपलं. या माणसांच्या बायका. थेंबाला न शिवणाऱ्या. त्यांच्यातल्या तीनचार जणींचाही सोमवार चढा आहे. योगायोग असेल, चारच तर आहेत. पण एकीला विचारलं रविवारी काय झालं गे, तर म्हणाली, "काय होवचा? रातभर झोप नाय. गाडी घेवन गेल्लो, वाट बघीत बसलंय." १५६/९४ लिहिला तिच्या नावापुढे. तिच्या केसपेपरवर "दारू: नाही" हे मात्र खरंच आहे.

तर हे सगळं वाचल्यावर मी उत्साहात जो येईल त्याला सोमवार-गुरुवारची गोष्ट सांगत सुटले. बेलफास्टसकट. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, मला वाटलं वा, काहीतरी पोचलं. गेल्या सोमवारी शटर उघडलं, बाम गेला, ओआरएस गेलं, बीपीला कुणीच नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी सकाळी रिक्षा उभी राहिली, आमचे रिक्षावाले ऐटीत येऊन स्टुलावर बसले, शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला.

"काय हो, सोमवारी नाही आलात?"

"तुमीच सांगलात ना वैनी, गुरवारी कमी आसता. म्हणान आज इलंय."

१३६/८४. लिहिला वहीत.